रेषेवर कापावे

ता. ९ जानेवारी

चि. धाकटीस,
दादाचे अ. उ. आ. या तीन अक्षरांत नेमके काय काय येते ते मला चौथी नापासाला आजवर कळलेले नाही, पण वडील लिहायचे म्हणून मी लिहितो. तुला पोचले असे समज.

तुझे पत्र आणि संस्थेचा फॉर्म मिळाला. फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही, आणि तू ओरडलीस की मला वाटते काहीतरी वाईट झाले. फॉर्म वाचला. तुझ्या गावातली संस्था, माणसे चांगली, तुझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर, एक खाट रिकामी झाली आहे, सगळे समजले. खाट कशी रिकामी झाली ते तू लिहिले नाहीस, तेही समजले.

मधला, तुझा भाई, आहे तसाच आहे. आठ महिने झाले. उजवे अंग गेले ते गेले, बोलणे नाही. डावा हात हलतो, पण झोपेत हलावा तसा, आपला आपण. डॉक्टर म्हणाले, डोळे उघडे आहेत म्हणजे बघतात असे धरून चालू नका. मी विचारले, मग काय धरून चालू, तर त्यांना पुढचा पेशंट बघायचा होता. मी त्याला रोज पेपर वाचून दाखवतो. जोडाक्षर आले की अडखळतो. पूर्वी तो लगेच दुरुस्त करायचा. आता कुणी दुरुस्त करत नाही, म्हणून मी ते शब्द सोडून पुढे जातो.

परवा त्याच्या कपाटात जुनी चादर शोधत होतो, तर मागे गुंडाळ्या सापडल्या. तुला आठवते, पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर तो अकरा वर्षे रोज टेबलाशी बसून काहीतरी काढायचा आणि विचारले की हाताने झाकायचा? मी समजत होतो नळांचे नकाशे असतील, नोकरी गेली तरी हात ऐकत नाही. धाकटे, ते रॉकेट आहे. अवकाशात जाते ते. खऱ्याच्या पाचव्या हिश्शाचे, कागदाचे. दोनशे चौदा जाड कागदांवर एकेक तुकडा आखलेला, नंबर घातलेले, फक्त कापायचे, चिकटवायचे आणि उभे करायचे. उंची एकतीस फूट. मी म्हटले एकतीसच का, म्हणून टेप घेऊन जिन्यात गेलो. तळमजल्याच्या फरशीपासून गच्चीच्या काचेपर्यंत जिन्याच्या मधली पोकळी तेहेतीस फूट भरली. त्याने आपला जिना मोजून रॉकेट बेतले आहे.

तेव्हा मी असे ठरवले आहे. त्याची खाट दाराकडे तोंड करून लावायची. दार उघडे ठेवले की समोर कठडा आणि त्यापलीकडे पोकळी. रॉकेट उभे राहिले की ते त्याच्या डोळ्यांसमोर येईल. त्याने नुसते बघितले, मान वळवली, डोळे हलवले, तरी मी फॉर्मवर सही करणार नाही आणि तू मला पुन्हा विचारायचे नाही. नाही बघितले तर करीन. हे लिहिताना दोन वेळा उठून गॅस बघून आलो. बंदच होता.

तुझ्या गुडघ्याला जप, बाकी माझे काय, मी काळजी करतोच आहे.
दादा


ता. १८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. यात काय काय येतं ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. भाई एकतीस फुटांचं रॉकेट झाकून बसला होता आणि आपल्याला नळ वाटत होते! पण खरं सांगू का, मला तितकंसं नवल वाटलं नाही. धुण्याची टोपली आठवते? मला तीत बसवून तो अंगणाच्या उतारावर न्यायचा, दहापासून उलटे आकडे मोजायचा, आणि तीन म्हटलं की तू धावत येऊन थांब थांब ओरडायचास आणि टोपली धरायचास. माझं उड्डाण कधी झालंच नाही. भाई तुझ्यावर दोन दोन दिवस रुसायचा. तू म्हणायचास, पडली असती तर. अजून तसाच आहेस.

तुझी अट मला कबूल आहे. माझीही ऐक. सही केलेल्या फॉर्मसाठी ते खाट तीस मार्चपर्यंत धरून ठेवतील, त्यापुढे एक दिवस नाही. तुझं वय अठ्ठ्याहत्तर, पोटात हर्निया, आणि भाईचं वजन तुझ्याहून जास्त. मी त्याला माझ्याकडे आणला असता, पण माझ्या एका खोलीत खाट लावली तर मला उभ्याने झोपावं लागेल. मी वाईट म्हणून हे सुचवत नाही, एवढं तरी लिही कधीतरी.

आणि एकट्याने दोनशे चौदा कागद कापायला तुला पुढचा जन्म लागेल. वरचा एक तृतीयांश भाग मला पाठव, मी करते. पोस्टात पस्तीस वर्षं पार्सलं बांधली, कागद आणि खळ मला नवी नाही.

तुझ्या पत्राला यंदाही चारी बाजूंनी अर्धा इंच कोरा काठ आहे. शिंपी तो शिंपीच, पत्रालाही माया सोडतोस. टपालाच्या ढिगात तुझं पाकीट उघडलं नसतं तरी मला कळलं असतं, पत्त्यालाही काठ असतो.

भाईच्या कपाळाला माझा हात लाव. तुझ्यावरचा राग तात्पुरता आहे, धरून बसू नकोस.
धाकटी


ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद, सगळेच्या सगळे.

वरचे सत्तर कागद गुंडाळून पाठवले ते मिळाल्याचे तुझे कार्ड आले तेव्हा जिवात जीव आला. आठ दिवस मला वाटत होते, वाटेत भिजले, नाहीतर कुणी नळाचे नकाशे समजून पाणीखात्यात नेऊन दिले.

इकडे काम चालू आहे. शिलाई मशीन भिंतीला सरकवून कटिंगचे मोठे टेबल मधे ओढले. मोठी कात्री धार लावून आणली. खळ मी स्वतः शिजवतो, तीत मोरचूद घालतो, नाहीतर झुरळे आधी रॉकेट खातील आणि मग आम्हाला. रॉकेट म्हणजे एकावर एक ठेवायचे ढोल. बारा उभे पट्टे जोडले की एक ढोल होतो, घेर जवळजवळ आठ फूट. खालचे सात ढोल तयार झाले. कागद कापायला कापडापेक्षा सोपा, खेचला तरी तिरका जात नाही.

पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात मधल्याने बारीक अक्षरात लिहून ठेवले आहे, रेषेवर कापावे. मला हसू आले. पन्नास वर्षे गिऱ्हाइके मला हेच सांगत आली, मास्तर, खडूच्या रेषेवर कापा. तसे कापले असते तर एकाही माणसाच्या अंगात सदरा गेला नसता. रेषेवर शिवायचे असते, कापायचे तिच्या बाहेरून. मी नेहमीसारखी अर्धा इंच माया सोडली आणि तेवढीच चिकटवली. सांधे असे बसले आहेत की नखाला लागत नाहीत.

इमारतीचा सेक्रेटरी आला होता. म्हणाला, जिना सार्वजनिक आहे. मी म्हटले, जिना आहे, पण पोकळी कुणाची आहे ते दाखव. तो नियमांची वही आणायला गेला, अजून आलेला नाही. वरच्या मजल्यावरचा घड्याळजी मात्र कामाचा निघाला. त्याने गच्चीच्या लोखंडी तुळईला कप्पी बांधली आणि आम्ही ढोल एकेक करून चढवले. खालच्या मजल्यावरच्या लोकांना आता दारातून रॉकेटचे पाय दिसतात. ते विचारतात, मास्तर, उडणार कधी. मी म्हणतो, माप घेतले आहे, ट्रायलला या.

मधल्याला मी रोज सांगतो, आज अमुक नंबर झाला. त्याच्या पाठीवर एक जखम झाली आहे. सकाळची नर्सबाई म्हणते, दर दोन तासांनी कूस बदला. मी बदलतो.

काळजी करू नकोस असे लिहिणार होतो, पण मग मी एकटाच उरतो.
दादा


ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार, पण आज जरा रागाने.

नर्सबाईचं मला पत्र आलं. तू सोळा तारखेला भाईची कूस बदलताना त्याच्यासकट खाली पडलास आणि तुम्ही दोघं तास दीड तास जमिनीवर होता, ती सकाळी येईपर्यंत. तू मला लिहिलंस, मी बदलतो. काय बदलतोस? मी ते पत्र हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. दूध उतू जाऊन खाली आलं तरी मला दिसलं नाही. दादा, तू लहानपणापासून पडली असती तर, पडली असती तर करत आलास. आता तूच पडलास आणि कुणाला हाकही मारली नाहीस.

वरचा भाग तयार आहे. माझ्या जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे मला जेवायला जागा नव्हती. उभ्याने खाल्लं, गुडघा अजून बोलतो आहे. मी शाळेतल्यासारखी भाईची सूचना पाळली, रेषेवर कापलं, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. प्रत्येक ढोलाचा शेवटचा सांधा उघडा ठेवून गुंडाळी केली आहे, तो तू बंद कर. टोक वेगळ्या डब्यात आहे. त्यावर बसू नकोस.

रॉकेट बघितलं तर सही नाही, हे मी कबूल केलं होतं. आता मला त्याचा पस्तावा होतो आहे. पण शब्द दिला तो दिला.

हर्नियाचा पट्टा लाव. माझी तुझ्यावरची माया आता बारीक होत चालली आहे, ताणू नकोस.
धाकटी


ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद आहेतच, पुढचे वाचून परत करू नकोस.

पडलो ते खरे. लिहिले नाही कारण लिहिले असते तर तू आली असतीस, आणि आली असतीस तर बघितले असतेस. जमिनीवर असताना मी त्याला म्हटले, मधल्या, आता तू तरी हाक मार कुणाला. तो छताकडे बघत होता. मी पण छताकडे बघितले. छताला पोपडे आले आहेत, एवढेच कळले.

तुझे पार्सल काल आले. धाकटे, तुझे काम बघून आपल्या वडिलांनी तुला दुकानात बसवले असते, मला नाही. सांधे बंद केले. घड्याळजी गच्चीवर दोर धरून, मी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी. तुझा पहिला ढोल माझ्या शेवटच्या ढोलावर ठेवायचा होता. तो जोड बरोबर आपल्या दारासमोर येतो. मधल्याने तेही मोजून ठेवले असेल का, की खाटेवरून जोड दिसावा? तो तेव्हा बरा होता, त्याला काय माहीत की खाट तिथे येईल. घड्याळजीने दोर सोडला, मी म्हटले हळू, हळू, आणि तुझा ढोल माझ्या ढोलावर न बसता आत गेला. बाहीत हात जावा तसा. सरसर आत गेला आणि घड्याळजी वरून विचारतो, बसला का मास्तर.

मी टेप लावली. माझा घेर नऊ इंच जास्त. मला वाटले तू चुकलीस. मग तुझा पट्टा आणि माझा पट्टा शेजारी ठेवून बघितले, आणि खाली बसलो. कागदावर दोन रेषा आहेत, बाहेर एक अखंड आणि आत पाऊण इंचावर एक तुटक. ती तुटक रेषा मला नळाच्या नकाशातली काहीतरी खूण वाटली होती. ती चिकटवायची पट्टी आहे. म्हणजे मधल्याने माया आधीच सोडून ठेवली होती, आतून. मी तिच्यावर माझी सोडली. माझी चिकटवली आणि त्याची तशीच अंगात राहिली. बारा पट्टे, प्रत्येकी पाऊण इंच, नऊ इंच. सगळ्या ढोलांत हेच. एकशे चव्वेचाळीस कागद.

त्याने मराठीत लिहिले होते. रेषेवर कापावे. तीन शब्दही नाहीत, दोनच आहेत, आणि त्यात एकही अवघड जोडाक्षर नाही. मी वाचले, हसलो आणि पुढे गेलो. अकरा वर्षे तो मान मोडून आखत होता आणि मी त्याला गिऱ्हाईक समजलो.

सव्वीस दिवस राहिले आहेत. पुन्हा कापायला कागद नाहीत. आज त्याला आज काय झाले ते सांगितले नाही.

रागावलीस तर रागाव, पण लिहीत जा.
दादा


ता. ११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी रागावलेले नाही. तुझं पत्र वाचलं आणि मला इतकंच वाटलं की माझ्या हाताने रेषेवर कापलं नसतं, तुझ्यासारखंच चुकलं असतं, तर निदान दोन्ही ढोल एकमेकांवर बसले असते.

दादा, ते उभं राहिलं काय आणि नाही काय. खरं सांग, दहा महिन्यांत त्याने एकदा तरी तुझ्याकडे बघितलं का? तुला कळत नाही असं नाही. तू फक्त तीनपर्यंत मोजतोस आणि थांबतोस. फॉर्म पाठव. मी तिथे रोज जाईन. पेपर मी वाचून दाखवीन, जोडाक्षरांसकट.

जास्त लिहवत नाही. तुझीच आहे, हे वेगळं लिहायला लावू नकोस.
धाकटी


ता. २४ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

रॉकेट उभे राहिले. ढगळ कपड्याचे जे करतात तेच केले. माझ्या वरच्या ढोलाला चोवीस टक घातले, खाली मोकळे आणि वर आवळत नेलेले, प्रत्येक टकात थोडा थोडा घेर खाल्ला, आणि जाड सुईने पक्का धावदोरा मारला, कारण खळ तो ताण धरेना. नऊ इंच गेले. तुझा ढोल वर असा बसला की घड्याळजीने गच्चीवरून शिट्टी मारली. लांबून बघितले तर रॉकेटने कमरेला चुण्यांचा झगा घातला आहे असे दिसते. सेक्रेटरी म्हणाला, हे कुठल्या देशाचे रॉकेट. मी म्हटले, लेडीज टेलरच्या.

एकवीस तारखेला सकाळी नर्सबाईने त्याला उशा लावून बसते केले, खाट दाराकडे वळवली आणि दार उघडले. समोर, चार हातांवर, जोड आणि टक. त्याच्यावर गच्चीच्या काचेतून ऊन येत होते. मी बाजूला उभा राहिलो, म्हणजे तो माझ्याकडे बघतो की रॉकेटकडे हा गोंधळ नको.

तो दाराच्या चौकटीकडे बघत होता. मग उशीकडे. मग डोळे मिटले.

मी तीन दिवस धरले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. काल मी त्याच्या कानाशी दहापासून उलटे मोजले. तीन आले तेव्हा थांबलो नाही. दोन म्हटले, एक म्हटले, शून्यही म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली ती पुसली.

फॉर्म सोबत आहे. सही केली आहे. नातेवाइकाचे नाते या ओळीत मी आधी मोठा भाऊ लिहिले, मग वाटले जोडाक्षर नाही तरी चुकले असेल, म्हणून नर्सबाईकडून तपासून घेतले. बरोबर होते.

तुझे बरोबर होते. अट होती आणि तिच्यासारखेच झाले. आशीर्वाद पहिल्या ओळीत दिलेत, तेच इथे धर.
दादा


ता. १२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भाई पाच तारखेला सुखरूप पोचला. खाट खिडकीशी आहे. खोलीत आणखी तिघं आहेत, पैकी एक दिवसभर बसचे थांबे म्हणतो, क्रमाने, न चुकता. जखम आता सुकते आहे. इथे दोन माणसं मिळून कूस बदलतात, मी उभी राहून बघितलं. तू एकट्याने कसं करत होतास?

मी पत्र लिहायला सात दिवस लावले, कारण एक गोष्ट विचारायची होती आणि कशी विचारू ते कळत नव्हतं. भाई आला तेव्हा त्याच्या डाव्या मुठीत कागद होता. जाड, दुमडलेला, वीतभर, एका कडेला धावदोरा. मूठ इतकी घट्ट की आंघोळ घालणाऱ्या बाईला उघडेना. इथले डॉक्टर म्हणाले, तान्ही मुलं बोट धरतात तसं असतं ते, काही लागलं की हात मिटतो, त्यात अर्थ शोधू नका. चार दिवसांनी घामाने वास यायला लागला तेव्हा त्यांनी हात कोमट पाण्यात ठेवला आणि कागद लगदा होऊन निघाला. मी पोचेपर्यंत फेकला होता. दोरा मात्र माझ्याकडे आहे. पांढरा, तुझ्या मशीनवरचा नाही, हाताचा.

त्यानंतर तो हात उघडाच असतो. चादरीवर पालथा.

तू काहीतरी आठवण म्हणून त्याच्या हातात दिलं होतंस का? तसं असेल तर सांग, म्हणजे माझा जीव शांत होईल. आणि तसं नसेल तर, नाही, तसंच असेल.

तुझी वाट बघत नाही असं लिहिलं तर खोटं होईल.
धाकटी


ता. १९ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मी दिला नव्हता.

संस्थेच्या गाडीचे दोघे स्ट्रेचर घेऊन आले तेव्हा जिन्याच्या वळणावर ते फिरेना. त्यांची रीत अशी की कठड्यावरून पोकळीत बाहेर काढून फिरवायचे. पोकळीत रॉकेट. घड्याळजी म्हणाला, मी वर जाऊन दोराने ओढून घेतो, अर्धा तास द्या. ते म्हणाले, गाडी खाली उभी आहे, दहा मिनिटे. मग मी आत जाऊन मोठी कात्री आणली. आपल्या मजल्यावरूनच कापायचे होते. टकांच्या खालून कापायला लागलो. तुझा भाग वर दोराला लटकत राहिला, माझा खाली बसत गेला, पडला म्हणता येणार नाही, मांडी घातल्यासारखा बसला. मधला त्यांच्या खांद्याइतका उंच धरलेला, रॉकेटला लागून.

तेव्हा त्याचा डावा हात आला. हलत हलत नाही, सरळ आला. टक जिथे होता तिथे. त्याने तो अंगठा आणि बोट यांच्यात धरला आणि चोळला. वडील कापडाचा पोत बघायचे तसा. दोनदा चोळला. मग टकाच्या आतल्या बाजूला बोट घातले, जिथे मी जास्तीचा कागद दुमडून दाबला होता. त्याची माया आणि माझी माया, दोन्ही तिथेच होत्या. आणि धाकटे, तो हसला की काय ते मला सांगता येणार नाही, मी त्याच्या हाताकडे बघत होतो, तोंडाकडे नाही. मी नेहमी चुकीचीच रेषा बघतो.

ते दोघे म्हणाले, चला आजोबा, सोडा. ते मला म्हणाले की त्याला, माहीत नाही. त्यांनी स्ट्रेचर फिरवले, कागद फाटत गेला आणि तुकडा त्याच्या मुठीत राहिला.

मी थांबा म्हणालो नाही. आयुष्यभर प्रत्येक वेळी तीनला थांब म्हणणारा मी, त्या दिवशी कात्री हातात धरून उभा राहिलो. सही झाली होती, गाडी आली होती, त्यांची दहा मिनिटे भरली होती. ते खाली पोचेपर्यंत मी प्रत्येक पायरीला म्हटले, आता म्हणतो, आता म्हणतो.

आता परत आणता येणार नाही, मला कळते. हर्नियाचे ऑपरेशन दोन तारखेला आहे, नंतर सहा महिने तांब्या उचलायचा नाही असे डॉक्टर म्हणाले. आणि त्याची खाट नर्सबाईने दुसऱ्या पेशंटकडे नेली. मागायला तोंड नव्हते, दिली.

सोबत एक तुकडा पाठवतो आहे. तुझ्या भागाच्या खालच्या काठाचा कागद घेतला, तोच टक घातला, तसाच धावदोरा, आत तशीच माया दुमडलेली. त्याच्या डाव्या हातात दे. अंगठ्याजवळ दे, तळव्यात नको, तळव्यात दिला तर डॉक्टर म्हणतात तसे होईल. आणि बघ, चोळतो का. चोळला तर लगेच लिही, कार्डावर एक ओळ पुरे. नाही चोळला तर लिहू नकोस. मला तुझ्याकडून ते वाचायला नको. पत्र आले नाही की मी समजेन.

नेहमीचे सगळे आहेच, या खेपेला सगळे त्या तुकड्यात घातले आहे.
दादा


ता. २८ मे

चि. धाकटीस,
दादाचे अ. उ. आ.

ऑपरेशन झाले. बरा आहे. वाकता येत नाही, त्यामुळे पडलेली टाचणीही घड्याळजी उचलून देतो. जिना आता मोकळा आहे. सेक्रेटरीने वही आणली, नियम सापडला, पण लागू करायला काही उरले नव्हते, म्हणून चहा पिऊन गेला.

पोस्टमन रोज साडेअकराला येतो. मी खाली जाऊ शकत नाही म्हणून कठड्यावरून बघतो. पोकळीतून सरळ तळमजला दिसतो, त्याचे डोके, पिशवी आणि पेट्या. आपल्या पेटीपाशी तो थांबतो तो लाइटबिलासाठी.

तू पोस्टात होतीस. एका गावाहून दुसऱ्या गावी कार्डाला जास्तीत जास्त किती दिवस लागतात ते तुलाच माहीत. पस्तीस वर्षांत एखादे हरवलेही असेल. चाळीस दिवस झाले एवढेच मी म्हणतो आहे, विचारत नाही. मीच सांगितले होते लिहू नकोस, तू शब्दाची पक्की आहेस.

त्याला पेपर वाचून दाखवतेस ना. जोडाक्षरे सोडू नकोस.

हे पत्र लिहिताना ठरवून कागदाच्या कडेपासून सुरुवात केली. वर सोडले नाही, डावीकडे नाही, उजवीकडे अक्षर अर्धे बाहेर गेले तरी चालवून घेतले. म्हटले या वयात एक तरी सवय मोडावी. आता सही करायला कागदाच्या तळाशी आलो, तर बघतो, अर्धा इंच राहिलाच आहे.
दादा